वाचून समजून घेतले आहे

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी एक वही पुजली जाते. जमाखर्चाची वही. पाटावर लाल कापड, त्यावर लक्ष्मीची तसबीर, पुढे लाह्या-बत्तासे आणि बाजूला ती कोरी करकरीत वही. पहिल्या पानावर मी कुंकवाने 'श्री' काढतो, सौभाग्यवती अक्षता वाहतात, मुले घाईघाईने नमस्कार करून फटाक्यांकडे पळतात. मग ती वही जी कपाटात जाते, ती तिथेच राहते. आमच्या कपाटात अशा पुष्कळ वह्या जमल्या आहेत. प्रत्येकीवर 'श्री' आहे. एका वहीत दोन पाने दुधाचा हिशेब आहे. बाकी साऱ्या कोऱ्या.

व्यापारी माणूस वही पुजतो आणि दुसऱ्या दिवशी उघडतो. आम्ही पगारदार माणसे नुसती पुजतो. एवढ्या एका फरकापायी माझ्या हातून जे घडले, ते आज सांगायचे आहे. वर्षभर ह्या सदरातून मी इतरांच्या फजित्या सांगत आलो. दिवाळीच्या अंकात तरी माणसाने स्वतःची सांगावी. विषय म्युच्युअल फंडांचा आहे. अहो, लगेच पान उलटू नका! मीही असेच पान उलटले होते, आणि सारी गोष्ट तिथेच सुरू झाली.

मला एकच बहीण. आक्का माझ्याहून सतरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा माझ्या हाती पाटी देऊन पहिला 'ग' गिरवून घेतला तो आक्काने. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. माझ्या एम. ए.च्या दोन्ही वर्षांची फी तिच्या पगारातून गेली. आज मी कॉलेजात मुलांना कविता वाचायला शिकवतो आणि त्याचा पगार घेतो, त्या वाचनाचे मूळ भांडवल आक्काचे आहे.

२०१९ साली आक्का निवृत्त झाली. फंडाचे पैसे हाती आले. त्यांतले सहा लाख रुपये तिने बाजूला काढले. म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला लागू नये, एवढीच तिची इच्छा. बँकेत एक तरुण गृहस्थ भेटले. टाय लावलेले, अतिशय नम्र. ते म्हणाले, "मावशी, हा फंड म्हणजे एफडीच समजा. फक्त व्याज जरा जास्त." आक्काने मला बोलावून घेतले. अर्ज चांगला दहा-बारा पानी होता, आणि इंग्रजी अक्षरे अशी की मुंग्यांची रांग बरी. आक्का म्हणाली, "बाळ, तू प्राध्यापक. तू बघ."

मी बघितला. बघितला म्हणजे काय, तर त्या गृहस्थांनी जिथे जिथे पेन्सिलीने फुली मारली होती, तिथे तिथे मी बोट ठेवले आणि आक्काने सही केली. शेवटच्या फुलीच्या वर एक वाक्य छापलेले होते. अशा प्रत्येक अर्जावर ते असते. अर्थ असा, की योजनेचे माहितीपत्रक आम्ही वाचून समजून घेतले आहे. त्या वाक्याखाली आक्काने आपल्या वळणदार अक्षरात सही केली. माहितीपत्रक तिने वाचले नव्हते. मीही वाचले नव्हते. ते असते कुठे, हेदेखील आम्हांला ठाऊक नव्हते.

पुढचे वर्ष सर्वांच्याच स्मरणात आहे. २०२० च्या एप्रिलात माणसे घरांत कोंडलेली होती. २३ एप्रिलला एका मोठ्या फंड-घराण्याने कर्जरोख्यांच्या आपल्या सहा योजना एकाएकी बंद केल्या आणि पंचवीस हजार कोटींहून अधिक रक्कम अडकून पडली. ते पैसे पुढे हप्त्याहप्त्याने परत मिळाले. पण त्या आठवड्यात ते कुणाला माहीत होते? आक्काचा फंड त्या सहांतला नव्हता, पण जात तीच. थोड्याच दिवसांत त्यातल्या एका कंपनीच्या रोख्याची किंमत हिशेबातून उतरवली गेली आणि आक्काचे बेचाळीस हजार रुपये एका रात्रीत नाहीसे झाले. चोर आला नाही, कुलूप तुटले नाही. फक्त एक आकडा बदलला.

आक्काचा फोन आला. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. तिने एवढेच विचारले, "बाळ, तू वाचलं होतंस ना रे ते?"

मी म्हणालो, "हो आक्का, वाचलं होतं."

पाठ न वाचता वर्गात आलेला विद्यार्थी जसे 'हो सर' म्हणतो, अगदी तसे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वर्षभरापूर्वी जे वाचायला हवे होते, ते मी त्या रात्री वाचायला बसलो. माझी समजूत अशी, की असली माहिती कुठल्या तरी तिजोरीत असेल, अर्ज-विनंत्या कराव्या लागतील, दहा वेळा खेटे घालावे लागतील. तसे काहीच नव्हते. संगणकावर फंडाचे नाव घातले आणि सारे समोर आले. फंड-घराण्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर होते, फंड-घराण्यांच्या 'ॲम्फी' नावाच्या संघटनेकडे होते, आणि ह्या साऱ्या व्यवहारावर देखरेख ठेवणाऱ्या 'सेबी'कडे तर योजनांची माहितीपत्रके ओळीने लावून ठेवलेली होती. पैसा पडत नाही, नाव-गाव सांगावे लागत नाही. लपवलेले असे काही नव्हते. मला सर्वांत जास्त लाज त्याचीच वाटली.

कागद मुख्यतः तीन असतात. पहिला योजनेचे माहितीपत्रक, त्याला 'एसआयडी' म्हणतात. पैसे कशात घालणार, किती प्रमाणात घालणार, धोके कोणते, खर्च किती, मुदतीआधी पैसे काढले तर कापणार किती, हे सारे त्यात असते. दुसरा 'एसएआय', त्यात फंड-घराण्याची कुळकथा. तिसरा 'केआयएम', म्हणजे पहिल्याचा सारांश. तो अर्जालाच जोडलेला असतो. परीक्षेच्या आदल्या रात्री मुले गाईड वाचतात ना, तसा. माझ्या हातात ते गाईड होते आणि मी तेही वाचले नव्हते!

माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर योजनेचा प्रकार लिहिलेला होता: क्रेडिट रिस्क फंड. २०१७ साली सेबीने सर्व योजनांचे प्रकार ठरवून दिले. त्यांत ह्या प्रकाराची व्याख्या अशी, की निदान ६५ टक्के पैसे 'एए' आणि त्याखालच्या प्रतीच्या कंपनी-रोख्यांत घातलेच पाहिजेत. रोख्यांची सर्वांत वरची प्रत 'एएए'. तिथून एकेक पायरी उतरू लागलो की धोका वाढतो, आणि धोका वाढतो म्हणूनच व्याज वाढते. ज्याची उधारी बुडण्याची भीती, त्याला वाणीसुद्धा चढ्या भावाने माल देतो. एफडीशी ह्या फंडाचे नाते काय, तर दोन्ही अर्ज एकाच टेबलावर मिळतात एवढेच. आणि अहो, योजनेच्या नावातच 'रिस्क' हा शब्द होता. मराठीच्या प्राध्यापकाला तेवढे इंग्रजी यायला हरकत नव्हती.

मग मी दर महिन्याची यादी उघडली. फंडाने कोणत्या कंपनीचे किती रोखे घेतले आहेत आणि त्यांची प्रत काय आहे, हे महिना संपल्यावर थोड्याच दिवसांत जाहीर करावे लागते. ज्या कंपनीपायी आक्काचे पैसे गेले, तिचे नाव मी मागच्या याद्यांत शोधू लागलो. ते प्रत्येक यादीत होते. आक्काने सही केली त्या महिन्यात एका प्रतीवर होते, दिवाळीच्या सुमारास एक पायरी खाली उतरले होते, मकरसंक्रांतीनंतर आणखी एक. वही दर महिन्याला उघडी करून समोर ठेवली जात होती. वाचणारा नव्हता.

स्वतःच्या बचावासाठी मी एक सबब शोधून काढली. अर्जावर मोटारीच्या वेगमापकासारखे एक चित्र असते, त्याला 'रिस्कोमीटर' म्हणतात. आमच्या अर्जावरचा काटा 'मध्यम'वर होता. मग माझी चूक ती काय? पण शोध घेतल्यावर तीही सबब गेली. त्या काळी काटा योजनेच्या प्रकारावरून लावीत. आत प्रत्यक्ष काय भरले आहे, त्यावरून नव्हे. १ जानेवारी २०२१ पासून सेबीने हे बदलले. आता प्रत्यक्ष मालावरून काटा ठरतो, दर महिन्याला तपासला जातो, आणि पूर्वीच्या पाच पायऱ्यांवर 'अति उच्च' ही सहावी पायरी चढली आहे. काटा सुधारला, हे चांगले झाले. पण वेष्टनावरच्या चित्रावर विसंबू नये, आतली यादी पाहावी, हा धडा जुना तो जुनाच.

ही माहिती आज अशी फुकट पसरलेली दिसते म्हणून तिची किंमत कळत नाही. ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांनी 'यूएस ६४'ची यूनिटे घेतली होती, त्यांना ती कळेल. युनिट ट्रस्टची ही योजना १९६४ साली निघाली. पुढे कितीतरी वर्षे मध्यमवर्गीयांनी ती सोन्याच्या खालोखाल मानली. यूनिटचा भाव ट्रस्ट ठरवी. आतल्या मालाची किंमत त्या भावाइतकी आहे की नाही, हे यूनिट घेणाऱ्याला दिसत नसे. जुलै २००१ मध्ये ट्रस्टने ह्या यूनिटांची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली, तेव्हा घराघरांतली माणसे हबकली. त्यानंतर भाव आतल्या मालाच्या किमतीशी जोडण्यात आला. आज प्रत्येक योजनेची एनएव्ही, म्हणजे एका यूनिटमागे आतल्या मालाची निव्वळ किंमत, रोज जाहीर होते. आपल्या वडिलांना जे विचारूनही कळले नसते, ते आपल्याला न विचारता सांगितले जाते, आणि आपण बघत नाही.

खर्चाचेही तसेच. प्रत्येक योजना आपल्या खर्चाचे प्रमाण जाहीर करते. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेला 'डायरेक्ट' असा एक फाटा आहे. त्यात मध्यस्थाचे कमिशन नसते, म्हणून खर्च कमी. 'रेग्युलर'मध्ये ते असते. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. फरक एक टक्क्याचा असेल, तर सहा लाखांवर वर्षाला सहा हजार रुपये झाले. ते नम्र गृहस्थ सल्ल्याचे काही घेत नव्हते असे आक्काला वाटत होते. तिला सहामाही उताऱ्यावर कमिशनची रक्कम छापलेली मी दाखवली. त्यात चोरी नाही. कष्टाचे पैसे माणसाने जरूर घ्यावेत. पण फुकट सल्ला आणि आगाऊ कापून घेतलेला सल्ला ह्यांत फरक असतो, आणि तो ज्याचे पैसे त्याला ठाऊक असलेला बरा.

हे सारे वाचून होईपर्यंत पावसाळा सरला आणि दिवाळी आली. १६ नोव्हेंबर २०२०, भाऊबीज. आक्काने पाट मांडला, रांगोळी काढली, मला ओवाळले. मी तबकात पाकीट ठेवले. आत बेचाळीस हजार रुपये होते. सौभाग्यवतींशी बोलून, दोन मुदतठेवी मोडून जमवलेले. आक्काने पाकीट उघडले, मोजले आणि माझ्याकडे पाहिले. तेव्हा मी म्हणालो, "आक्का, मी वाचलं नव्हतं. तुला खोटं सांगितलं."

आक्का म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. तीस वर्षं मुलं शिकवली मी. न वाचता आलेला मुलगा फोनवरूनसुद्धा ओळखू येतो."

तिने पाकीट माझ्या खिशात परत कोंबले. म्हणाली, "हे नको. खरंच ओवाळणी घालायची असेल, तर ते काय आहे ते मला वाचून दाखव. पहिल्या पानापासून."

फराळाची ताटे आवरली आणि आम्ही बसलो. मी वाचून मराठीत सांगत होतो, आक्का मध्येच थांबवून विचारीत होती. "एए म्हणजे दुसरा वर्ग का रे?" "आणि हे कापून कोण घेतं?" दोन तासांत तिने जे प्रश्न विचारले, ते त्या टायवाल्या गृहस्थांना २०१९ साली विचारले असते, तर सहीची वेळच आली नसती. उरलेले पैसे तिने काढून पोस्टात ठेवले. पन्नास हजार मात्र वेगळे ठेवले. म्हणाली, "हे मी वाचून लावीन." आणि खरेच, भाचीच्या मदतीने डीमॅट खाते काढून, शब्दकोश घेऊन माहितीपत्रक वाचून, तिने ते निर्देशांकाच्या ईटीएफमध्ये लावले.

ईटीएफ म्हणजे शेअरबाजारात शेअरासारखा विकला-घेतला जाणारा फंड. आपल्याकडचा पहिला २००१ साली निघाला, निफ्टीवर आधारलेला. त्यात व्यवस्थापकाच्या हुशारीचा प्रश्न कमी. निर्देशांकाच्या पावलावर पाऊल टाकायचे. म्हणून पाहायचे काय, तर पाऊल किती चुकते ते. त्या चुकीचाही आकडा जाहीर होतो. आणखी एक गोष्ट पाहायची. ह्या फंडाला दोन किमती असतात: आतल्या मालाची एक, आणि बाजारात लोक देतात ती दुसरी. आतल्या मालाची चालू किंमत बाजाराच्या वेळात सतत दाखवली जाते. तिला 'आय-एनएव्ही' म्हणतात. हे मला माहीत होते. पण माहीत असणे निराळे आणि ऐन वेळी आठवणे निराळे.

२०२५ च्या ऑक्टोबरची गोष्ट. चांदीचा भाव रोज वर चढत होता. धनत्रयोदशी आठवड्यावर आली होती. आमच्या स्टाफरूममध्ये, जिथे एरवी पेपर-तपासणीच्या दराखेरीज अर्थशास्त्र निघत नाही, तिथे चांदीच्या ईटीएफची चर्चा चालली होती. सौभाग्यवती म्हणाल्या, "ह्या वर्षी भांडं नको, तेच घेऊ." मी माहितीपत्रक वाचले. बरे का, आता मी वाचतो. आत ९९.९ टक्के शुद्धतेच्या, तीस-तीस किलोच्या खऱ्या चांदीच्या विटा असतात, हे वाचून समाधान झाले. विकत घेण्यापूर्वी सहज आक्काला फोन केला.

आक्का म्हणाली, "आय-एनएव्ही बघितलास?"

मी गप्प.

"बघ. मग घे."

बघितले. आतली चांदी शंभराची, तर बाजारात त्याच यूनिटाला लोक जवळजवळ एकशेदहा मोजत होते. देशात चांदीच मिळेनाशी झाली होती; त्यामुळे नवी यूनिटे पुरेशी निघेनात, आणि गिऱ्हाइके तर दारात उभी. काही फंड-घराण्यांनी तर चांदीच्या आपल्या फंड-ऑफ-फंडांत एकरकमी पैसे घेणेच थांबवले होते आणि तशा सूचनाही प्रसिद्ध केल्या होत्या. सूचना सर्वांसाठी होत्या. वाचल्या किती जणांनी, ते विचारू नका. आम्ही थांबलो. पुढे ती तफावत विरघळून गेली.

आक्काने काही भविष्य सांगितले नव्हते. चांदी चढेल की उतरेल, हे तिला ठाऊक नव्हते आणि मलाही नाही. जाहीर होणाऱ्या कागदांत उद्याचा भाव कुठेच लिहिलेला नसतो. तो सांगणारा भेटला तर त्याच्यापासून दूर राहावे. कागद एवढेच सांगतो, की आज तुम्ही काय घेत आहात, कितीला घेत आहात, आणि मधे कोण किती घेतो आहे. पण नुकसान सोसण्याची वेळ आली, तरी माणूस ते डोळे उघडे ठेवून सोसतो. आक्काचे बेचाळीस हजार गेले त्याचे दुःख तिला झालेच; पण तिने वाचून पत्करलेला धोका असता, तर तिने मला फोन करून तो प्रश्न विचारला नसता. तो प्रश्न अजून माझ्या कानांत आहे.

म्हणून वाचकहो, एक विनंती. दिवाळीच्या सुट्टीत एक संध्याकाळ काढा. घरात ज्या योजनांत पैसे आहेत त्यांची नावे कागदावर लिहा, आणि एकेकीचे माहितीपत्रक, शेवटच्या महिन्याची यादी आणि खर्चाचा आकडा काढून वाचा. इंग्रजी अडले तर मुलांना बोलवा. त्यांचाही अभ्यास होईल. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी आपल्या भरवशावर कुठे सही केली असेल, तर आधी ती योजना काढा.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला आक्का आमच्याकडे होती. मी नेहमीप्रमाणे नव्या वहीवर 'श्री' काढला, अक्षता वाहिल्या आणि वही कपाटात ठेवायला उठलो. आक्काने हात पुढे केला. "आण इकडे," म्हणाली. चष्मा लावून तिने 'श्री'च्या खाली तारीख घातली, आपल्या चार ठेवींची नावे ओळीने लिहिली, प्रत्येकीपुढे आकडा घातला आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"हं, बाळ," ती म्हणाली, "वाच."